टी-११ चा लांब पल्ल्याचा धावपटू: वर्ग, दोरी, गाइड आणि घड्याळ

मैलदगड

पूर्ण अंध धावपटूची, म्हणजे पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या टी-११ वर्गातल्याची, १५००-५००० मीटरची कारकीर्द नेमकी कशी उभी राहते, यावर तपशिलात बोलायला हा धागा. 'जिद्द', 'अंधारावर मात' वगैरे बातम्यांत भरपूर येतं, ते इथे नको. आकडे, नियम आणि कुठे घोडं अडतं तेवढंच बोलू.

सुरुवातीला आकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत अंकुर धामाने टी-११ मध्ये दोन सुवर्णं घेतली: ५००० मीटर १६:३७.२९ आणि १५०० मीटर ४:२७.७०. धामा उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातला. इंचिऑन २०१४ मध्ये पदकं, रिओ २०१६ मध्ये पॅरालिंपिक, २०१८ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि मग हांगझोऊ. म्हणजे जवळपास दहा वर्षांचा पल्ला. त्याच हांगझोऊत कर्नाटकातल्या चिक्कमगळूरूच्या रक्षिता राजूने महिलांची १५०० मीटर ५:२१.४५ मध्ये जिंकली. २०१८ च्या जकार्तातलं सुवर्णही तिचंच होतं.

आता पॅरिस २०२४. पुरुषांची टी-११ १५०० ब्राझीलच्या येल्त्सिन जॅकेसने ३:५५.८२ मध्ये मारली, विश्वविक्रम. ५००० मध्ये ब्राझीलच्याच ज्युलियो सेझर अग्रिपिनोने १४:४८.८५ चा विश्वविक्रम केला.

लॅपमध्ये मोडून बघा. धामाची १५०० म्हणजे ४०० मीटरला साधारण ७१.४ सेकंद. अग्रिपिनोची ५००० म्हणजे लॅपला ७१.१. आशियात ज्या वेगाने पावणेचार लॅप धावून सुवर्ण मिळतं, त्याहून किंचित जास्त वेगाने तो माणूस साडेबारा लॅप धावतो. ही दरी नुसत्या फुफ्फुसांची नाही असं माझं मत. ती जास्त करून गाइडची, म्हणजे दोरी धरून शेजारी धावणाऱ्या डोळस जोडीदाराची आहे. पण आधी वर्गीकरण, कारण सुरुवात तिथून होते.

---

नेत्रांजन

वर्गाबद्दल मी लिहितो. बहुतेक पालक आणि क्रीडाशिक्षक पहिली ठेच इथेच खातात.

मोजमाप लॉगमार या नजरेच्या तीक्ष्णतेच्या मापात होतं, तेही योग्य चष्मा किंवा लेन्स लावून. आकडा जितका मोठा तितकी नजर वाईट.

टी-११: लॉगमार २.६० पेक्षा वाईट. उजेड-अंधार कळेल, फार तर हात हललेला जाणवेल.
टी-१२: १.५० ते २.६०, किंवा दृष्टिक्षेत्राचा व्यास १० अंशांपेक्षा कमी.
टी-१३: १.०० ते १.४०, किंवा दृष्टिक्षेत्राचा व्यास ४० अंशांपेक्षा कमी.

१.०० म्हणजे आपल्या ओळखीच्या भाषेत ६/६०: इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवरून. खरी गंमत पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६/१८ च्या खाली गेलं की 'अल्पदृष्टी' आणि ३/६० च्या खाली गेलं की 'अंध'. त्यामुळे ६/३६ नजर असलेल्या मुलाकडे अल्पदृष्टीचा दाखला असू शकतो, पण दृष्टिक्षेत्र शाबूत असेल तर आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर तो कुठल्याच वर्गात बसत नाही. उलट बाजूही आहे. नजर ३/६० च्या जरा खाली, म्हणजे साधारण २.४/६० पर्यंत असेल, तर कायद्याने तो अंध आणि ट्रॅकवर टी-१३! टी-१३ ला गाइड मिळतच नाही. यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर) मोठी टक्केवारी बघून मुलाला दोन वर्षं टेदरवर (गाइडशी जोडणाऱ्या दोरीवर) तयार करायचं आणि वर्गीकरणाच्या टेबलावर 'टी-१३, एकटा धाव' ऐकायचं, असं होऊ शकतं.

तेव्हा टक्केवारी विसरा. पहिल्याच महिन्यात नेत्रतज्ज्ञाकडून लॉगमारचा आकडा आणि दृष्टिक्षेत्राचा नकाशा काढून घ्या.

---

पायताण

मग वर्गीकरणाला कागद कुठले लागतात?

---

नेत्रांजन

नेत्रतज्ज्ञाने भरलेला वैद्यकीय निदान फॉर्म, इंग्रजीत, वर्षाच्या आतला. मूल दृष्टिक्षेत्रामुळे वर्गात बसत असेल तर हम्फ्री, ऑक्टोपस किंवा गोल्डमन यंत्रावरचा नकाशा. दोष डोळ्याच्या पडद्यात असेल तर ओसीटी, ईआरजी या तपासण्या. दोष डोळ्याच्या नसेमध्ये किंवा मेंदूत असेल तर व्हीईपी किंवा एमआरआय. डोळा वरून धडधाकट दिसतो आणि नजर मात्र नाही, अशा केसमध्ये हे रिपोर्ट नसतील तर पॅनेल वर्ग देत नाही. त्यांना नजर का गेली याचं कारण कागदावर दिसावं लागतं.

निकालासोबत एक शेरा येतो. 'सी' म्हणजे कायम. 'आर' म्हणजे पुन्हा तपासणी, तिला तारीखही लावलेली असू शकते. रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या वाढत्या आजारात बहुधा 'आर'च मिळतो, आणि तिथे कारकिर्दीचं गणित बदलतं. आज टी-१३ मध्ये एकटा धावणारा काही वर्षांनी टी-१२ आणि पुढे टी-११ होऊ शकतो. त्याने नजर आहे तोवरच टेदरवर धावायची सवय लावून घ्यावी. नजर गेल्यावर शिकायला घेतलं तर दोरी, आवाज आणि भीती तिन्ही एकदम अंगावर येतात.

---

खडूफळा

पट्टी कोणाला? टी-१२ लाही डोळे झाकावे लागतात ना?

---

शिट्टी

नाही. काळा चष्मा किंवा पट्टी टी-११ ला, ट्रॅकवर १५०० पर्यंतच्या शर्यतींत. कारण सरळ आहे: ज्याला थोडा उजेड कळतो आणि ज्याला काहीच कळत नाही, ते दोघे एका पातळीवर यावेत. पट्टी शर्यतीआधी तपासली जाते. ती घामाने घसरते, नाकाच्या बाजूने फट पडते. म्हणून आतून मऊ कापसाचे पॅड चिकटवून मग वरून पट्टी बांधण्याची पद्धत चांगली. सराव मात्र रोज पट्टी लावून करावा. उजेडाच्या अंदाजाने वळण ओळखण्याची सवय लागली असेल, तर शर्यतीच्या दिवशी पट्टी चढली की धावपटू पहिल्याच वळणात आत घुसतो.

गाइडचं असं: टी-११ ला सक्तीचा, टी-१२ ला ऐच्छिक, टी-१३ ला नाही.

---

धावदोरी

आता दोरीवर येतो, सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

टेदर न ताणणाऱ्या कापडाचा हवा. रबर, इलॅस्टिक चालत नाही, कारण ताणून सोडलं की पुढे ढकलण्याचा फायदा मिळतो. दोन टोकांना दोन फास, ट्रॅकवर एका पकडीपासून दुसऱ्या पकडीपर्यंत फार तर ३० सेंमी. बुटाच्या नाडीपेक्षा चपटी सुती पट्टी बरी. नाडी घामाने बोटात रुतते आणि ओली झाली की लांबीही बदलते. फास मनगटावर घट्ट चढवू नका. दोन-तीन बोटांत धरला की एक जण पडला तर दुसरा खेचला जात नाही. एक जादा टेदर खिशात ठेवावा.

पकड ठरली की हात. धावपटू आतल्या बाजूला, गाइड बाहेर, म्हणजे धावपटूचा उजवा आणि गाइडचा डावा हात एकत्र हलणार. हे दोन हात एकदम पुढे आणि एकदम मागे गेले पाहिजेत. त्यासाठी पाय आरशासारखे जुळावे लागतात: धावपटूचा डावा पाय पुढे तेव्हा गाइडचा उजवा. एकाचं पाऊल लांब आणि दुसऱ्याचं तोकडं असेल तर पन्नास-साठ पावलांत ताल सुटतो आणि दोरीला झटके बसायला लागतात. झटका बसला की धावपटूचा खांदा आखडतो, कंबर वळायची थांबते आणि नेमका दमायच्या वेळी वेग पडतो. गाइड निवडताना आधी घड्याळ बघतात. त्याच्या जोडीला उंची आणि पावलाची लांबीही बघा. पाऊल जुळवून घ्यायचं ते गाइडने. धावपटूचं पाऊल बदलायला जाऊ नये.

सराव कायम एकाच बाजूने केला तर उजवा खांदा आणि डावी कंबर तक्रार करतात. हलक्या धावा आळीपाळीने दोन्ही बाजूंनी करा, ट्रॅकवरचा वेगाचा सराव मात्र शर्यतीच्या बाजूनेच.

सूचना तोकड्या हव्यात. 'वळण... तीन, दोन, एक, वळ.' 'सरळ.' 'पुढे जोडी, पाच मीटर.' 'बाहेर घेतोय.' 'आत.' लॅपची वेळ सांगताना फक्त सेकंद: 'एकाहत्तर'. 'छान चाललंय, अजून जोर लाव' असली वाक्यं दम खातात आणि कामाचं काही सांगत नाहीत. शेवटच्या लॅपच्या घंटेनंतर प्रेक्षकांच्या आरड्यात आवाज पोचतच नाही, त्यामुळे दोन-तीन सूचना दोरीवरून ठरवून ठेवाव्यात. उदाहरणार्थ मनगट दोनदा हलवलं की बाहेर पडायचं.

---

अर्धालॅप

गाइड बाहेरून धावतो म्हणजे त्याला अंतर जास्त पडतं ना? किती?

---

धावदोरी

हिशेब सोपा आहे. गाइड ७० सेंमी बाहेर धरा. एका वळणाला π (३.१४) गुणिले ०.७, म्हणजे २.२ मीटर जादा. १५०० मध्ये सात वळणं, जादा अंतर पंधराएक मीटर. ५००० मध्ये पंचवीस वळणं, ५५ मीटर. आणि हे बोलत बोलत, मान फिरवून पुढचं-मागचं बघत.

ओव्हरटेकही त्यामुळेच महाग पडतो. लेन १.२२ मीटर रुंद, त्यात दोन माणसं शेजारी नीट मावत नाहीत. पुढची जोडी आधीच दुसऱ्या लेनमध्ये सांडलेली असते. तिला वळणावर मागे टाकायचं तर आपली जोडी तिसऱ्या लेनपर्यंत जाते. म्हणून सरळ पट्टीवरच निघायचं, आणि गाइडने मागच्या जोडीपासून पुरेसं अंतर पडल्याची खात्री झाल्यावरच 'आत' म्हणायचं. गाइड स्वतःचं अंतर बघून 'आत' म्हणतो आणि धावपटूचा पाय मागच्या जोडीच्या पायात अडकतो, ही नेहमीची चूक.

---

शिट्टी

बाद होण्याची कारणं लिहून ठेवतो.

एक, ओढणं. गाइड अर्धं पाऊल सतत पुढे आणि दोरी ताणलेली दिसली की पंचाचं लक्ष गेलंच समजा. ढकलणंही तसंच.
दोन, अंतिम रेषा. धावपटूची छाती आधी, गाइड मागे. फोटो फिनिशमध्ये गाइड एक इंच पुढे दिसला तरी निकाल जातो. शेवटच्या वीसेक मीटरमध्ये गाइडने थोडं मागे सरायचं. याचा वेगळा सराव करावा लागतो, कारण गाइड मागे सरला की धावपटूला दोरी मागे खेचल्यासारखी लागते आणि तो स्वतः मंदावतो.
तीन, दोरी सुटणं.

तिसऱ्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. पॅरिस २०२४, महिलांची टी-१२ मॅरेथॉन. स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती, चौथीपेक्षा तीन मिनिटांहून जास्त पुढे. रेषेच्या जेमतेम दोन मीटर आधी गाइडच्या पायात गोळा आला, तो कोसळायला लागला, तिने दोरी सोडून त्याला सावरलं. बाद ठरवलं. कांस्य तेव्हा जपानच्या मिसातो मिचिशिताला गेलं.

---

मैलदगड

हा नियम मला अजून पटत नाही. दोन मीटरमध्ये, तेही थांबून, कुठला फायदा मिळाला?

---

शिट्टी

फायदा मिळाला नाही हे मान्य. पण 'फायदा झाला का' हे पंचाने ठरवायचं म्हटलं की प्रत्येक शर्यतीत वाद. दोरी हातात आहे की नाही, हे डोळ्यांना दिसतं. नियम कडक आहे, अन्यायाचा आहे असं मी म्हणणार नाही. शिवाय त्याला धडा काढता येतो: धावपटूला कळ आली तर काय करायचं हे सगळे ठरवतात, गाइडला कळ आली तर काय, हे कोणी ठरवत नाही. पाणी, मीठ, जेल हे गाइडचंही मोजून ठेवा.

केनियाच्या हेन्री वान्योइकेची सिडनी २००० मधली ५००० आठवा. गाइड आजारी, शेवटी शेवटी त्याला चालणंही जड जात होतं, वान्योइकेने त्याला जवळजवळ ओढत रेषेपर्यंत नेलं आणि सुवर्ण घेतलं. दोरी दोघांच्या हातात होती.

---

अर्धालॅप

५००० ला दोन गाइड चालतात ना?

---

शिट्टी

हो. ५००० आणि त्याहून लांब शर्यतीत दोन गाइड, बदल एकदाच. ट्रॅकवर तो मागच्या सरळ पट्टीवर करायचा, दुसऱ्याला अडथळा न होता. मॅरेथॉनमध्ये १०, २० आणि ३० किलोमीटरच्या खुणांपैकी एकीवर. १५०० ला एकच गाइड.

बदलात बहुतेक वेळा चूक वेगाची होते. नवा गाइड उभ्यावरून धावायला लागतो आणि पहिले तीस मीटर मागे पडतो. त्याने आधीच कडेने वेग पकडलेला हवा. जुन्याने दोरीचा फास नव्याच्या हातात गेल्याचं तोंडाने सांगावं आणि मगच सोडावं.

---

मैलदगड

आता माझ्या मूळ मुद्द्यावर. धावपटूच्या वेळेपेक्षा गाइड १५०० मध्ये निदान १५-२० सेकंदांनी वेगवान हवा, तरच तो बोलू शकतो आणि शेवटच्या लॅपला दोरी सैल राहते. ४:२७ च्या धावपटूला ४:०८-४:१० चा गाइड. असे पोरगे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण ३:५५ ला? ३:३८-३:४० चा माणूस लागेल. भारताचा १५०० चा राष्ट्रीय विक्रम जिन्सन जॉन्सनचा ३:३५.२४, बर्लिन २०१९. म्हणजे जॅकेसच्या वेगाचा भारतीय अंध धावपटू उद्या घडला, तर त्याला सोबत द्यायला देशातल्या पहिल्या फळीतला माणूस लागेल. त्याने स्वतःची शर्यत, सेनादल-रेल्वेची नोकरी, निवड चाचण्या सोडून दुसऱ्याच्या शेजारी का धावावं? ब्राझीलने गाइड हा पगारी पेशा केला. आपल्याकडे तो बहुतेक वेळा हौशी आणि तात्पुरता.

रक्षिताच्या बाबतीत हांगझोऊ आणि पॅरिस दोन्हीकडे राहुल बालकृष्णच गाइड होता. एकच जोडी वर्षानुवर्षं टिकणं, हेच आपल्याकडचं दुर्मिळ भांडवल. पॅरिसला ती ५:२९.९२ मध्ये प्राथमिक फेरीतच थांबली. तरी तिथवर पोचायला ही जोडी लागलीच.

---

खडूफळा

थोडा विरोध. सगळं गाइडवर ढकलू नका. टी-१३ ला गाइड नसतो, तिथेही आपण कुठे आहोत? रिओ २०१६ ची टी-१३ १५०० बघा. अल्जीरियाचा अब्देल्लतीफ बाका ३:४८.२९. पहिले चौघेही त्याच रिओतल्या ऑलिंपिक विजेत्या मॅथ्यू सेंट्रोविट्झच्या ३:५०.०० पेक्षा वेगवान.

---

मैलदगड

ती तुलना सगळीकडे फिरते, पण अर्धी. ऑलिंपिकची ती अंतिम शर्यत डावपेचाची होती. सगळे दबा धरून सावकाश धावले आणि शेवटच्या लॅपला सुटले. त्यावरून 'पॅराचे ऑलिंपिकपेक्षा वेगवान' असं निघत नाही. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, टी-१३ चा निकष फक्त धावणं आहे. तिथे मार्ला रनयन हे खरं उदाहरण. स्टारगार्ट आजाराने मधली नजर गेलेली, १९९२ ला बार्सिलोना पॅरालिंपिकमध्ये चार सुवर्णं, आणि २००० ला सिडनी ऑलिंपिकच्या १५०० मध्ये अंतिम फेरीत आठवी. कडेच्या नजरेने धावणाऱ्याला गर्दीत कोपर-धक्क्यांचा सराव लागतो, तो डोळस मुलांच्या शर्यतींतच मिळतो. टी-१३ च्या मुलाला जिल्ह्याच्या खुल्या गटात उतरवा.

---

नेत्रांजन

औषधांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. हे नीट वाचा.

काचबिंदूसाठी असिटाझोलामाइडची गोळी चालू असेल तर ती उत्तेजक चाचणीत बंदी असलेल्या मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गटात येते, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. उपचारासाठीची सवलत आधी अर्ज करून घ्यावी लागते. डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड हे थेंब मात्र चालतात. टिमोलॉलचे थेंब बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गटातले) असले तरी अ‍ॅथलेटिक्समध्ये बंदी नाही, ती नेमबाजी, तिरंदाजीसारख्या खेळांत आहे. युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) किंवा डोळ्याच्या नसेच्या सुजेसाठी स्टिरॉइडची गोळी वा शिरेतलं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंदीत, थेंब चालतात.

दुसरं, चाचणीचे नियम गाइडलाही लागू आहेत. गाइड दोषी ठरला तर निकाल जोडीचा जाऊ शकतो. त्याने जिममधून आणलेला पावडरचा डबा धावपटूचंही पदक घेऊन जाईल.

---

पायताण

गाइड रोज मिळत नसेल तर आठवडा कसा बसवायचा?

---

धावदोरी

गाइडचे दिवस मोजके असतील तर ते ट्रॅकच्या वेगासाठी राखा, बाकी किलोमीटर इतर मार्गाने. गाइड आठवड्यात तीनच दिवस असेल तर: एक दिवस शर्यतीच्या वेगाने ४०० चे ८-१०, मध्ये दीड मिनिट. एक दिवस २०-२५ मिनिटं दमदार पण बोलता येईल अशी धाव. एक दिवस लांब, १२-१५ किमी, रस्त्यावर किंवा मातीवर. उरलेले दिवस ट्रेडमिल, एक टक्का चढ ठेवून. ट्रेडमिलची सुरक्षा क्लिप कमरेला लावायचीच, आणि कठडा धरून धावायचं नाही. कठड्याला उलट्या हाताचं बोट ओझरतं लागेल इतपत जवळ राहिलं की जागा कळते.

ट्रेडमिलवर वळण नसतं, म्हणून फक्त त्यावर वाढलेला धावपटू ट्रॅकच्या वळणाला बाहेर फेकला जातो. गाइडच्या दिवशी सुरुवातीला २०० मीटरचे चार हळू फेरे फक्त वळणासाठी ठेवा.

---

खडूफळा

महाराष्ट्रातल्या मुलाने सुरुवात कुठून करावी?

---

मैलदगड

राज्य पॅरा संघटनेची निवड स्पर्धा, तिथून भारतीय पॅरालिंपिक समितीची राष्ट्रीय स्पर्धा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण हवं तर आंतरराष्ट्रीय परवाना आणि जिथे वर्गीकरण पॅनेल बसतं अशी स्पर्धा. पुण्यात बालेवाडीला सिंथेटिक ट्रॅक आहे. मातीवर तयार झालेल्या जोडीने शर्यतीआधी काही आठवडे तरी सिंथेटिकवर यावं, पाऊल वेगळं उसळतं आणि ताल पुन्हा जुळवावा लागतो.

अंतर निवडताना पॅरालिंपिकचं वेळापत्रक समोर ठेवा. पॅरिसला पुरुषांना टी-११ आणि टी-१३ मध्ये १५०० आणि ५०००, महिलांना दोन्ही वर्गांत फक्त १५००, आणि टी-१२ मध्ये मॅरेथॉन. टी-१२ चा मध्यम पल्ल्याचा धावपटू त्यामुळे टी-१३ च्या ताटात जेवतो. टी-११ ची मुलगी ५००० मध्ये चांगली असेल तर तिला एक तर १५०० चा वेग कमवावा लागतो, नाहीतर थेट मॅरेथॉनकडे वळावं लागतं.

पैशाचं: केंद्राच्या टॉप्स योजनेच्या (ऑलिंपिक-पॅरालिंपिकच्या तयारीसाठीची मदत) मुख्य गटात निवड झाली की खेळाडूला महिन्याला ५०,००० रुपये. तिथवर पोचेपर्यंतचा सगळा खर्च दोघांचा धरा. एकट्याचा अंदाज काढून प्रायोजकाकडे गेलात तर गाइडचे बूट, प्रवास, जेवण राहून जातं आणि मग तो तिसऱ्या महिन्यात येईनासा होतो.

---

पायताण

टेदरचं माप पुन्हा एकदा: ३० सेंमी फासासकट की फास सोडून?

---

धावदोरी

पकड ते पकड. म्हणजे दोघांची बोटं जिथे धरतात त्यामधलं अंतर, दोरी पूर्ण ताणून. फास मोठा शिवला तर तो हातात असताना ताणून मोजा, टेबलावर ठेवून नको. २८ सेंमीला शिवून घ्या, धुतल्यावर सैल पडायला जागा राहते.